गुडघे दुखतात, पण सासूबाईंना माथेरानला जायचंय

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही डोंबिवलीला राहतो. दरवर्षी मे महिन्यात थंड हवेच्या एखाद्या ठिकाणी जातो. ठरवणं, बुकिंग, बॅगा, औषधं, खाऊ, सगळं माझ्याकडे असतं आणि परत आल्यावर मी आणखीच दमलेली असते. यंदा सासूबाईंनी (वय ७४) पहिल्यांदाच स्वतःहून सांगितलं, 'मला एकदा माथेरानला न्या.' लग्न झाल्यावर त्या सासऱ्यांबरोबर तिथे गेल्या होत्या. सासरे गेल्या वर्षी वारले. सासूबाईंचे गुडघे दुखतात. काठी घेऊन सपाट रस्त्यावर अर्धा तास चालतात, पण जिना नको म्हणतात. नवऱ्याचं म्हणणं, तिथे गाडी वर जात नाही, आईचे हाल होतील, त्यापेक्षा महाबळेश्वरला गाडीतून सगळं दाखवू. बरोबर नणंद, तिचे यजमान आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आम्ही आठ जण. माझी मुलगी १४ ची, मुलगा ७ चा. मुलगी म्हणते, तिथे करायचं काय? जावं का? आणि जायचं तर कसं, कधी?"

ताई,

माथेरानलाच जा. सासूबाईंनी इतक्या वर्षांत एक गोष्ट मागितली आहे आणि ती तुमच्या घरापासून काही तासांवर आहे. एवढं कारण पुरेसं आहे. पण तुमच्या नवऱ्याची काळजीही खरी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

माथेरानमध्ये हाल होतात ते एकाच टप्प्यात. दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात आणि तिथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर आत आहे. हा टप्पा नीट ठरवून पार केला की पुढे म्हाताऱ्या माणसाला माथेरानइतकं सोयीचं गाव सापडणं कठीण. २००३ साली केंद्र सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. खाजगी मोटारींना तर त्याच्या कितीतरी आधीपासून बंदी आहे. त्यामुळे सासूबाई काठी टेकत रस्त्याच्या मधोमध चालल्या तरी मागून हॉर्न वाजणार नाही. सगळं गाव त्यांच्याच चालीने चालतं.

आता महाबळेश्वरचा मे महिन्यातला दिवस डोळ्यांसमोर आणा. वाई सोडलं की पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग. वर पोहोचल्यावर प्रत्येक पॉइंटला पार्किंगसाठी पुन्हा रांग. मग गाडीतून उतरायचं, चढाने किंवा पायऱ्यांनी कठड्यापर्यंत जायचं, फोटो काढायचा आणि परत गाडीत बसायचं. दुखऱ्या गुडघ्यांना सावकाश चालणं फारसं जड जात नाही, त्यांना जड जातं ते गाडीत दहा वेळा वाकून बसणं आणि उठणं. ही गोष्ट नवऱ्याला सांगा, त्यांना पटेल. महाबळेश्वर सुंदरच आहे, पण यंदाच्या तुमच्या गरजेला ते बसत नाही.

एक मात्र आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, माथेरानला मे महिन्यात थंडी नसते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे आणि माथेरान आठशे मीटर. हवेचं तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं, तर डोंबिवलीपेक्षा माथेरान पाचेक अंशांनीच थंड. दुपारी घाम येईल. पण झाडी दाट असल्यामुळे वाटांवर सावली असते आणि संध्याकाळनंतर अंगाला सुखावणारं वारं सुटतं. स्वेटरच्या आशेने आलेला माणूस पहिल्याच दुपारी चिडतो, म्हणून हे आधी बोललेलं बरं. सासूबाईंसाठी एक शाल मात्र असू द्या.

आता प्रवास. तुमच्याकडून कर्जत लोकलने नेरळ सोपं आहे, पण स्टेशनचे जिने सासूबाईंसाठी टाळा. त्या, तुम्ही, नवरा आणि धाकटा असे घरून गाडीने नेरळपर्यंत या. बाकीच्यांना लोकल चालेल आणि मुलांना ती आवडेलही. नेरळला पैसे देऊन गाडी ठेवता येते. तिथून दस्तुरीपर्यंत स्थानिक टॅक्सी करा. हा घाट अरुंद आणि चढाचा आहे, वळणं अंगावर येणारी आहेत. त्या चढावर गर्दीत गाडी थांबली की नवख्या चालकाला घाम फुटतो. नवऱ्याला घाटाची सवय नसेल तर हट्ट नको. रोज तीच वाट करणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या हातात द्या. निघायचं ते पहाटे, म्हणजे गर्दी चढायच्या आत तुम्ही वर पोहोचाल.

सासूबाईंना बहुतेक नेरळपासूनच्या छोट्या गाडीची आठवण असणार. १९०७ मध्ये सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी बांधली ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने, स्वतःच्या पैशाने. वडील सर आदमजींनी भांडवल घातलं आणि मुलगा अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं. ती आजही धावते. पण नेरळहून दिवसाला फेऱ्या मोजक्या, डबे लहान, खिडकीवर रांग, आणि वर पोहोचायला दोन तासांहून जास्त वेळ. आठ जणांना एकत्र तिकिटं मिळतीलच असं धरून चालू नका. तेवढा वेळ त्या अरुंद बाकावर पाय मुडपून बसणं सासूबाईंना झेपणारही नाही. त्यांची हौस दुसऱ्या रस्त्याने भागते. दस्तुरीच्या वाहनतळापासून अमन लॉज स्थानक जवळच आहे आणि तिथून माथेरान स्थानकापर्यंत हीच गाडी शटल म्हणून फेऱ्या मारते. प्रवास थोड्या वेळाचा, झाडांमधून जाणारा, आणि उतरता ते थेट बाजारपेठेत. गाडीत चढताना पाऊल उंच टाकावं लागतं, तेवढा एक हात मुलाने आईला द्यावा. शटलच्या वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्यांना फोन करून विचारा, त्या बदलत असतात.

दस्तुरीला उतरलात की चार-पाच जण तुम्हाला घेरतील. "ताई, ट्रेन बंद आहे", "रिक्षा नाही मिळणार, आजीबाईंना घोड्यावर बसवा", "इथून सहा किलोमीटर आहे" असं काहीबाही कानावर पडेल. तुम्ही थांबू नका. सासूबाईंना सावलीत बसवा, बरोबर नणंदेला ठेवा आणि दोघांना सरळ अमन लॉजच्या तिकीट खिडकीकडे पाठवा. ट्रेन चालू आहे की नाही ते खिडकीवरचा माणूस सांगेल. या फसवणुकीला माथेरानचे लोक स्वतः कंटाळलेत. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी याविरुद्ध गाव बंद ठेवलं होतं. सगळे घोडेवाले फसवतात असं मुळीच नाही, बहुतेक जण त्यावर पोट असलेली साधी माणसं आहेत. फक्त दरफलक वाचून, बसण्याआधी भाव ठरवून मगच घोडा घ्या. आणि सासूबाईंना घोड्यावर बसवू नका. या वयात पडल्यावर मोडलेलं हाड लवकर जुळत नाही.

ट्रेन चुकली तर ई-रिक्षा विचारा. त्या थोड्या आहेत, पण वयस्कर माणसासाठी तोच उत्तम पर्याय. माणसाने ओढायच्या हातरिक्षा माथेरानची जुनी ओळख. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत माणुसकीला धरून नाही असं सांगून सहा महिन्यांत ती बंद करायला आणि त्या चालकांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. उन्हात, लाल धुळीत, चढावर तीन माणसांनी मिळून एक रिक्षा ओढायची आणि आपण आत बसायचं, हे पाहूनसुद्धा जीव कासावीस होतो.

सामानाचं पक्कं लक्षात ठेवा. चाकांच्या बॅगा माथेरानला निरुपयोगी. काही भागात फरसबंदी झाली आहे, पण बाकीच्या वाटा जांभ्याच्या, वर आलेल्या मुळांच्या आणि धुळीच्या आहेत. तिथे चाकं अडकतात आणि शेवटी बॅग डोक्यावर घ्यावी लागते. प्रत्येकाची एक पाठीवरची सॅक, सात वर्षांच्या मुलाचीही त्याच्या मापाची. उरलेलं एकत्र बांधून हमालाला द्या. पांढरे कपडे नकोत, ती लाल माती धुऊन जात नाही. नवे बूटही नकोत.

हॉटेल निवडताना फोटोंवर जाऊ नका, फोन करा. स्थानकापासून चालत किती मिनिटं? तळमजल्याची खोली आहे का? खोलीपर्यंत पायऱ्या किती? ("दोन-तीनच आहेत" म्हणाले तर मोजून सांगा म्हणावं.) कमोड आहे का, आणि तिथे धरायला दांडी आहे का? आपल्याला घ्यायला दस्तुरीला कुणी येईल का? वीज गेली तर जनरेटर आहे का? मेअखेरीस वळवाच्या पावसात वीज जाऊ शकते. ही यादी नणंदेच्या यजमानांकडे द्या, फोन त्यांनी करावेत. आणि तिन्ही वेळचं जेवण धरून भाडं सांगणारं हॉटेल घ्या, माथेरानात अशी बरीच आहेत. बाजारपेठेला लागून असलेलं असावं. लांबच्या झाडीतले बंगले देखणे असतात, पण तिथून रोज यायला-जायला सासूबाईंचा अर्ध्या तासाचा साठा संपून जाईल.

तीन रात्री ठेवा. दोन रात्रींत एक दिवस येण्यात आणि एक जाण्यात जातो.

तिथे पॉइंट मोजू नका. माथेरानात लहानमोठे तीसेक पॉइंट आहेत आणि "आज किती झाले?" असं कुणी विचारायला लागलं की सहलीची हजेरी होते. दिवस दोन भागांत वाटा. पहाटे ज्यांना चालवतं त्यांनी लांब जावं. तुमचे नवरे, मुलगी आणि भाचा पॅनोरमा पॉइंटला सूर्योदयाला जाऊ शकतात. अंतर बरंच आहे, अंधारात निघावं लागेल, विजेऱ्या घ्या. तिथून खाली नेरळची बाजू आणि पेबचा किल्ला दिसतो. पोरीला 'करायचं काय' हा प्रश्न पडलाय ना? तिच्या हातात माथेरानचा नकाशा द्या आणि तिन्ही दिवसांच्या वाटा तिलाच ठरवू द्या. मात्र अट एक, रोजची एक वाट आजीला झेपणारी हवी. कुठे सावली, कुठे बाक, कुठे चढ हे तिने आधी विचारून यायचं. १४ व्या वर्षी मुलांना करमणुकीपेक्षा विश्वास जास्त हवा असतो असं माझं ठाम मत आहे.

सासूबाईंची वाट शार्लोट तलावाची. सकाळी साडेसातच्या सुमाराला नाश्ता करून निघा. बाजारातून तलाव दीड-दोन किलोमीटर असेल, म्हणजे त्यांच्या पायांना जाता-येता एकदम जास्त. म्हणून जाताना ई-रिक्षा जिथपर्यंत सोडेल तिथपर्यंत सोडू द्या आणि उरलेलं चाला. वाटेत बसा. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजन यांची दाटी आहे. वर फांद्यांत खसखस झाली तर मान वर करा, शेकरू असेल. तपकिरी-लाल पाठ, पिवळट पोट आणि अंगाएवढी झुबकेदार शेपटी. एका झाडावरून दुसऱ्यावर लांब उडी घेतं, मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकतं आणि पुढच्या दोन पंजांत फळ फिरवत कुरतडतं. सालीचे तुकडे खाली तुमच्या पायाशी पडतात. आपला राज्यप्राणी इतक्या सहज दिसणाऱ्या जागा फार नाहीत, आणि तो बघायला चालावं लागत नाही, बसावं लागतं. इथे आजी आणि सात वर्षांचा नातू ही जोडी सगळ्यांत पुढे राहील.

तलावाचं पाणी गावाला पिण्यासाठी जातं, त्यामुळे मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. शेजारी पिसारनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. सासूबाईंना तिथे बसायला आवडेल. त्यांना तिथे सोडून बाकीच्यांनी जवळचा एको पॉइंट आणि पुढे लुईझा पॉइंट करून यावं, तोवर कुणीतरी एक जण त्यांच्याजवळ थांबावं. हातात खाऊची पिशवी मात्र नको. माकडं पिशवीच बघतात, ओढून घेतात, आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल जायला तेवढा हिसका पुरतो. दुपारी सगळ्यांनी खोलीवर झोपायचं. संध्याकाळी बाजारात चिक्की, चपला, लिंबू सरबत, आणि मुलांना एखादी घोड्याची फेरी. तेव्हा घोडेवाला लगाम धरून बरोबर चालत राहील एवढं बघा, दौडवायला सांगू नका.

आता जे पत्रात तुम्ही एका वाक्यात लिहून सोडून दिलंय त्याबद्दल. सासरे गेल्या वर्षी गेले आणि सासूबाई यंदा तिथे जायचं म्हणतात. ही त्यांची एकटीची यात्रा आहे, तुम्ही सगळे सोबतीला आहात. निघण्याआधी एका दुपारी चहा घेताना त्यांना विचारा, तेव्हा कुठे उतरला होता, कुठे गेला होता, काही फोटो आहे का. जमलं तर हे मुलाने विचारावं. बापाबद्दल आईशी बोलायला तुमच्या नवऱ्यालाही निमित्त हवं असेल. महाबळेश्वरचा आग्रह कदाचित त्यातूनच आला असेल, तिथे आई रडेल या धास्तीने. रडल्या तर रडू द्या. लगेच "चला, आइस्क्रीम खाऊ" म्हणून त्यांना उठवू नका. जुनं हॉटेल आता नसेल किंवा ओळखू येणार नाही इतकं बदललं असेल, हेही आधीच हळूच कानावर घाला. एखादी संध्याकाळ त्यांना कुणाशी न बोलता बसावंसं वाटलं तर नातवंडांना घेऊन तुम्ही बाजूला व्हा.

आणि तुमचं काय? तुम्ही दमता कारण घरातलं सगळं काम तुम्ही सुट्टीच्या गावी घेऊन जाता. यंदा धपाटे, शंकरपाळे, चिवड्याचे डबे करू नका. प्रवासापुरता खाऊ पुरे, जेवण हॉटेल देणार आहे. सासूबाईंची औषधं, गुडघ्यांचा पट्टा आणि डॉक्टरांची चिठ्ठी नवऱ्याकडे. चार दिवसांच्या गोळ्या असतील तर सहा दिवसांच्या घ्या. तिकिटं आणि हिशेब नणंदेच्या यजमानांकडे. रोख पैसे पुरेसे ठेवा, डोंगरावर नेटवर्क दर वेळी साथ देत नाही. रात्री सासूबाईंच्या खोलीत नणंद झोपेल. आईबरोबर तीन रात्री मिळणं तिलाही हवं असेल, तुम्ही फक्त विचारा. हे सगळं मनात ठेवून कुणी ओळखेल याची वाट बघू नका. रविवारी सगळे जमतील तेव्हा कागदावर लिहा आणि वाचून दाखवा. एक सकाळ पूर्ण तुमची ठेवा. कुणी हाक मारायची नाही, उशिरा उठायचं, गार्बट पॉइंटकडे एकटीने चालत जावंसं वाटलं तर जायचं. तुमच्या पत्रात बाकीच्यांच्या आवडीनिवडी होत्या, तुमची एकही नव्हती. ती तुम्ही स्वतःला विचारा आणि त्या कागदावर पहिली ती लिहा.

राहिला प्रश्न कधीचा. एक मेच्या जोडसुट्टीत नको, कुठल्याच शनिवार-रविवारी नको. सोमवारी जा, गुरुवारी या. मेचा शेवटचा आठवडा मला सगळ्यांत बरा वाटतो, तेव्हा करवंदं असतात आणि जांभळं पिकायला लागतात. जूनवर ढकलू नका. मुंबईत पाऊस साधारण १० जूनच्या सुमाराला येतो, पण एखाद्या वर्षी आधीच हजर होतो. मग त्या लाल वाटा निसरड्या होतात, काठीच्या टोकालाही पकड मिळत नाही. नेरळची गाडीही पावसाळ्यात बंद असते. मेअखेरची तळमजल्यावरची खोली लवकर संपते, म्हणून फोन याच आठवड्यात व्हायला हवा. आणि काठीच्या टोकाचं रबर झिजलं असेल तर ते निघण्याआधी नवं बसवून घ्या.